पायाची आज्ञा

मोटार चालवणारा मनुष्य दिवसाकाठी शेकडो आज्ञा देतो, आणि त्यांतील बहुतेक आज्ञा तो पायाने देतो. उजवा पाय किंचित दाबला की गाडीने पुढे सरकावे, उचलला की आपला वेग आवरावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. ही अपेक्षा कितपत पुरी होते यावरून तो गाडीची परीक्षा करतो. आपल्याकडील गॅरेजांतून या गुणाला ‘पिकअप’ असे सुटसुटीत नाव पडले आहे. गाडीला पिकअप आहे म्हणजे ती सांगताक्षणीच ऐकते. पिकअप नाही म्हणजे ती ऐकते खरी, पण विचार करून ऐकते.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तयार झालेल्या मोटारींविषयी एक चमत्कारिक तक्रार सर्वत्र ऐकू येते. या मोटारींची यंत्रे पूर्वीच्या यंत्रांहून अधिक शक्तिमान आहेत; त्या पेट्रोल कमी पितात, धूर कमी सोडतात आणि हिवाळ्यातल्या सकाळी निमूटपणे सुरू होतात. असे असूनही अनेक चालकांना वाटते की, आपला पाय आणि यंत्र यांच्यामध्ये कोणीतरी येऊन बसले आहे. ही समजूत खोटी नाही. मध्ये खरोखरच एक मध्यस्थ येऊन बसला आहे. त्याला तेथे कोणी बसवले, कशासाठी बसवले, आणि त्याला घाई करावयास लावणे कितपत शक्य व कितपत शहाणपणाचे आहे, या प्रश्नांची उत्तरे शोधू लागले म्हणजे मोटारीच्याही जन्मापूर्वी शंभर वर्षे मागे जावे लागते.

‘थ्रॉटल’ या इंग्रजी शब्दाचे मूळ गळ्याशी निगडित आहे. गळा आवळणे हा त्याचा साधा अर्थ. वाफेच्या यंत्राकडे जाणाऱ्या नळीच्या गळ्यात एक चकती बसवलेली असे. ती आडवी फिरवली की नळी मिटे, उभी फिरवली की वाफेला वाट मोकळी होई. ही चकती हाताने फिरवणारा माणूस यंत्राजवळ सतत उभा ठेवावा लागे. सूतगिरणीत दहा माग एकदम बंद पडले तर यंत्रावरचा भार हलका होऊन ते बेफाम धावू लागे. माग पुन्हा सुरू झाले की तेच यंत्र मंदावे. माणसाचे लक्ष क्षणभर ढळले तरी मालाची नासाडी ठरलेली.

१७८८ साली जेम्स वॅट याने या माणसाच्या जागी दोन लोखंडी गोळे आणून बसवले. या कल्पनेचा उगम पवनचक्क्यांत होता. वारा वाढला की जात्याच्या दगडांतील अंतर आपोआप जुळवून घेणारी गोळ्यांची रचना तेथे वापरात आली होती. वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने तशी योजना लंडनच्या अ‍ॅल्बियन पीठगिरणीत पाहिली आणि वॅटला कळवली. शेतात गोफण फिरवणाऱ्या राखणदाराला जे तत्त्व हाताने ठाऊक असते तेच येथे कामाला आले. फिरणारी वस्तू वेग वाढताच बाहेर ओढ घेते. यंत्राचा वेग वाढला की गोळे एकमेकांपासून दूर जात, त्यांना जोडलेला दांडा हलून वाफेच्या गळ्यातील चकती थोडी मिटे, आणि वेग पुन्हा ताळ्यावर येई. या साधनाला ‘गव्हर्नर’ हे नाव पडले. राज्य चालवणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव यंत्रावर देखरेख करणाऱ्या साधनाला मिळावे, यात त्या काळच्या माणसांना काही विनोद वाटला नाही. काम एकाच जातीचे होते.

परंतु या नियामकाच्या अंगी लवकरच एक दोष दिसून आला. यंत्रे मोठी व नाजूक होऊ लागली तसे काही नियामक स्थिर न राहता हेलकावे खाऊ लागले. वेग थोडा वाढला की ते वाफ फार तोडीत. वेग फार उतरला की घाईने वाफ फार सोडीत. आणि यंत्र शिकारी कुत्र्यासारखे पुढे-मागे धावत राही. दोष आळसाचा नव्हता, उतावळेपणाचा होता. १८६८ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे नियामकांविषयी एक निबंध मांडला व कोणत्या परिस्थितीत असे साधन स्थिर राहील याचे गणित दाखवून दिले. आज्ञेला मिळणारे उत्तर नुसते जलद असून भागत नाही, ते योग्य प्रमाणात शांतही व्हावे लागते, हा धडा यंत्रशास्त्राला त्या निबंधाने शिकवला. पुढे दीडशे वर्षांनी मोटारीच्या चालकांची जी तक्रार उभी राहिली तिचे अर्धे उत्तर या धड्यात आहे.

१८७६ साली निकोलाउस ऑटो याने चार टप्प्यांत चालणारे यंत्र यशस्वी केले, आणि १८८६ साली कार्ल बेंझ याने आपल्या तीनचाकी मोटारीचे एकस्व मिळवले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बेर्था बेंझ ही दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला त्याच मोटारीने गेली, तेव्हा वाटेत तुंबलेली इंधनाची नळी तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. या आरंभीच्या मोटारींत चालकाने पायाने वेग कमीजास्त करावा अशी व्यवस्था रूढ नव्हती. यंत्राने ठरावीक वेगाने फिरत राहावे व गाडीचा वेग दात्यांच्या चाकांनी बदलावा, अशीच सर्वसाधारण कल्पना होती. अनेक गाड्यांत वॅटच्या गोळ्यांचा वंशज बसवलेला असे. यंत्राने मर्यादा ओलांडली की तो निकासाच्या झडपा उघडू देत नसे, त्यामुळे आतला जळका वायू आतच राहून नवा घास मिळत नसे आणि यंत्र एखाददुसरा ठोका चुकवून ताळ्यावर येई.

‘अ‍ॅक्सिलरेटर’ या नावाचे रहस्य येथे उलगडते. पायाखालची ती पट्टी प्रथम बसवली गेली ती नियामकाला क्षणभर बाजूला सारण्यासाठी. चढ आला, किंवा पुढच्या घोडागाडीला मागे टाकावयाचे झाले, की चालक ती पट्टी दाबून नियामकाला गप्प करी आणि यंत्र मर्यादेबाहेर धावे. म्हणजे मोटारीतील पायाची आज्ञा जन्माला आली ती एका मध्यस्थाला दूर करण्याच्या इच्छेतून.

१८९३ साली विल्हेल्म मायबाख याने फवारा उडवणारा कार्बोरेटर सिद्ध केला. त्याच वर्षी हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनीही त्याच दिशेने काम केले होते. कार्बोरेटरच्या गळ्यात वाफेच्या नळीतल्यासारखीच एक चकती बसू लागली. फुलपाखराचे मिटलेले पंख जसे दोहों बाजूंना दिसतात तशी ती दिसे, म्हणून मिस्त्री लोक आजही तिला बटरफ्लाय म्हणतात. तिच्यापर्यंत आज्ञा पोचवण्यासाठी कोठे सळया, कोठे अर्नेस्ट बाउडेन याने १८९६ साली एकस्व घेतलेली आवरणातली तार वापरीत. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत हे काम अजून हाताकडेच होते. सुकाणूखाली दोन दांड्या असत, उजवीकडची पेट्रोलची. पायाखाली तीन पट्ट्या असत, पण त्यांत वेगाची एकही नसे. पुढील पंधरा-वीस वर्षांत क्लच, ब्रेक आणि उजवीकडे अ‍ॅक्सिलरेटर ही मांडणी जगभर स्थिरावली. नियामक निवृत्त झाला व कारभार थेट पायाच्या हाती आला.

हा थेट कारभारही समजला जातो तितका तत्पर नव्हता. चालक एकदम पाय दाबतो तेव्हा बटरफ्लाय उघडते आणि हवा आत धाव घेते. पण पेट्रोल हवेहून कितीतरी जड असल्यामुळे मागे राहते, आणि त्यातलेही काही नळीच्या भिंतीला चिकटून बसते. क्षणभर यंत्राला नुसती हवा मिळते आणि जोर करण्याऐवजी ते अडखळते. हा खड्डा भरून काढण्यासाठी कार्बोरेटरमध्ये एक लहानसा पंप बसवावा लागला; पाय दाबताच तो पेट्रोलची एक पिचकारी मारी. कलकत्त्याजवळ तयार होणाऱ्या अ‍ॅम्बॅसॅडर गाडीच्या एसयू कार्बोरेटरमध्ये तेच काम वेगळ्या रीतीने होई. त्यातील पिस्टन तेलाच्या दाबाने मुद्दाम हळू वर चढवला जाई, म्हणजे हवेला उतावीळ होऊ न देता पेट्रोलला तिच्या बरोबरीने येण्यास अवसर मिळे. गाडी झटकन पळावी म्हणून तिच्या एका भागाला मुद्दाम मंद करणे हा प्रकार विसंगत वाटतो खरा. पण चांगला पिकअप त्यातूनच निर्माण होत असे.

मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली पद्मिनी दोन-अडीच पिढ्यांनी चालवली. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३ सालापर्यंत शहरात दिसत होती. तिचा पिकअप गेला म्हणजे काय करावयाचे हे नाक्यावरच्या मिस्त्रीला पाठ असे. जेट फुंकून साफ करावे, पंपाचे चामडे बदलावे, सळईचा ढिलेपणा काढावा, आणि कान देऊन स्क्रू अर्धा फेरा फिरवावा. दोष डोळ्यांना दिसे व हाताला लागे. आज्ञा आणि अंमल यांच्यामध्ये जे काही होते ते सारे बॉनेट उचलताच उघडे पडे.

या उघड्या कारभाराची अखेर वेगाच्या हौसेने झाली नाही; ती धुराने केली. अमेरिकेत १९७० साली हवाशुद्धीचा कडक कायदा झाला आणि १९७५ पासून मोटारींच्या धुराड्यात विषारी वायू निर्विष करणारे परिवर्तक बसू लागले. त्यातील अधिक प्रगत परिवर्तकाची अट मोठी कडक होती. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, या प्रमाणात फारसा चढउतार झाला तर तो नीट काम करीत नसे. १९७६ साली व्होल्वोने आपल्या गाडीच्या धुराड्यात प्राणवायूचे प्रमाण मोजणारा शोधक बसवला व त्याच्या सांगण्यावरून पेट्रोल कमीजास्त करण्याची सोय केली. मनुष्याचा पाय कितीही सराईत असला तरी चौदा आणि पंधरा यांमधला भेद त्याला कळणे शक्य नव्हते. हिशेब ठेवण्यासाठी यंत्राजवळ एक संगणक बसला आणि कार्बोरेटरची जागा पेट्रोलची मोजून पिचकारी मारणाऱ्या यंत्रणेने घेतली. भारतात १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल व परिवर्तक आले, २००० सालापासून नवे निर्बंध लागू झाले, आणि कार्बोरेटर नव्या मोटारींतून झपाट्याने नाहीसा झाला. १९६६ साली पुण्यात स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या प्रयोगशाळांत या निर्बंधांनुसार गाड्या तपासल्या जाऊ लागल्या.

तरीही एक दार उघडे राहिले होते. पेट्रोल किती द्यावयाचे हे संगणक ठरवी, पण हवा किती घ्यावयाची हे अजून चालकाचा पायच तारेच्या द्वारे ठरवीत होता. संगणक हा पायाच्या मागे मागे धावणारा कारकून होता. पाय काय करील ते त्याला आधी ठाऊक नसे. झाल्यावर तो हिशेब जुळवी. ओल्या रस्त्यावर चाके जागच्या जागी फिरू लागली तरी हवेचा गळा आवळण्याचा अधिकार त्याला नव्हता.

या अधिकाराचे हस्तांतर विमानविद्येत आधी झाले. २५ मे १९७२ रोजी अमेरिकेच्या नासा या संस्थेने एफ-८ जातीचे एक लढाऊ विमान असे उडवले की, वैमानिकाचा दांडा आणि विमानाची पंखपाती यांच्यामध्ये यांत्रिक जोड काहीच नव्हता. मध्ये एक अंकीय संगणक होता, आणि तो चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतील संगणकाच्याच जातीचा होता. १९८७ साली एअरबसच्या ए-३२० या प्रवासी विमानाने हीच पद्धत स्वीकारून पहिले उड्डाण केले. त्याच सुमारास बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या बारा सिलिंडरांच्या मोटारीत हवेच्या दोन झडपा तारेऐवजी विजेच्या मोटरांनी फिरू लागल्या. पुढील दहा-पंधरा वर्षांत ही व्यवस्था श्रीमंतांच्या गाड्यांतून सामान्यांच्या गाड्यांत उतरली. पुण्याजवळ चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूक या मोटरसायकलीतही ती २०१७ साली आली. शंभर वर्षांपूर्वी पायाने ज्याला बाजूला सारले होते तो नियामक विद्येचे नवे शिक्षण घेऊन परत आला आणि आपल्या जुन्या जागी बसला.

त्याच्या कारभाराची रीत अशी आहे. पायाखालच्या पट्टीला आता यंत्राचा स्पर्श नसतो. तिच्या बिजागरीशी दोन शोधक असतात. पट्टी किती दबली हे दोघेही स्वतंत्रपणे सांगतात आणि त्यांच्या साक्षींत मेळ नसेल तर संगणक सावध होतो. साक्ष जुळली की तो आपल्याजवळचा तक्ता उघडतो. इतका पाय, इतका वेग, इतका गिअर, तर चालकाला किती जोर हवा असेल, असा त्या तक्त्याचा आशय असतो. मग त्या जोरासाठी किती हवा लागेल याचा हिशेब करून तो विजेच्या मोटरला चकती फिरवावयास सांगतो. चकतीजवळही दोन शोधक असतात व ती नेमकी किती फिरली हे ते परत कळवतात. मोटरचा वीजपुरवठा तुटला तर स्प्रिंगा चकतीला जवळजवळ मिटलेल्या स्थितीत आणून ठेवतात. गाडी रखडत का होईना, रस्त्याच्या कडेपर्यंत जाऊ शकते. पायाची आज्ञा म्हणजे आता एक अर्ज झाला आहे. तो मंजूर होतो, बहुधा लगेच होतो, पण तो तपासून मंजूर होतो.

मग विलंब कोठे होतो? चकती फिरवणारी मोटर आळशी नाही. पूर्ण मिटलेली चकती पूर्ण उघडावयास तिला सेकंदाचा सुमारे दहावा भाग पुरतो, आणि माणसाला समोरचे संकट पाहून पाय हलवावयास याहून अधिक वेळ लागतो. विलंब आहे तो मुख्यतः नियमांत. पहिले कारण म्हणजे तो तक्ताच. गर्दीत गाडी मऊपणे सरकावी म्हणून पट्टीच्या पहिल्या भागाला निर्माते थोडाच जोर नेमून देतात. दुसरे कारण धक्क्याचे. यंत्रापासून चाकापर्यंत दात्यांच्या अनेक जोड्यांत थोडी थोडी मोकळीक असते. जोर एकदम आला तर ती मोकळीक आपटून भरते, गाडी पुढे-मागे डोलते आणि प्रवासी हिंदकळतात. म्हणून संगणक पहिला क्षण जपून देतो. मॅक्सवेलने दाखवलेला उतावळेपणाचा दोष टाळण्याचीच ही खटपट आहे. तिसरे कारण धुराचे; हवा एकदम वाढली तर पेट्रोलचे प्रमाण बिघडते. उरलेली कारणे संगणकाच्या अखत्यारीबाहेरची आहेत. चकतीपलीकडची नळी हवेने भरावयास वेळ लागतो, टर्बोच्या पंख्याला गती घ्यावयास वेळ लागतो, स्वयंचलित गिअर खाली उतरावयास वेळ लागतो. चालकाला मात्र हे सारे मिळून एकच वाटते, की गाडी ऐकत नाही.

यावर उपाय निघाले ते याच कारणांच्या अनुरोधाने निघाले, आणि त्यांची योग्यता ठरवावयाची तर कोणता उपाय कोणत्या कारणावर लागू पडतो हे पाहावे लागते. सर्वांत साधा व सर्वांत दुर्लक्षित उपाय सफाईचा आहे. चकतीच्या कडेला काळ्या काजळीचा थर साचतो आणि मंद वेगावर जी बारीक फट राहावयास हवी ती बुजते. तो थर योग्य द्रावणाने पुसून काढला व संगणकाला चकतीची मिटलेली जागा पुन्हा शिकवली, की अनेक जुन्या गाड्यांचा अडखळणारा आरंभ सुधारतो. पद्मिनीचे जेट फुंकणाऱ्या मिस्त्रीचेच हे काम. फक्त शेवटी स्क्रूऐवजी संगणकाची समजूत घालावी लागते.

दुसरा उपाय तक्ता बदलण्याचा. निर्मात्यांनी तो स्वतःच देऊ केला. १९९८ सालच्या बीएमडब्ल्यू एम-५ गाडीत एक बटण होते. ते दाबले की तोच पाय अधिक जोर मागू लागे. आता साध्या गाड्यांतही काटकसरीचा, नेहमीचा व खेळाचा असे दोन-तीन तक्ते असतात. तिसरा उपाय बाजारात मिळणाऱ्या लहान डबीचा. ती पट्टी आणि संगणक यांच्यामध्ये जोडतात आणि ती पायाची साक्ष फुगवून सांगते. समजा, चालकाने पट्टी एक चतुर्थांश दाबली. डबी संगणकाला कळवते की ती निम्मी दबली आहे. गाडी झटकन पुढे जाते आणि चालक संतुष्ट होतो. परंतु पट्टी पूर्ण दाबली असता डबीला फुगवावयास काहीच उरत नाही. पूर्ण ते पूर्णच. यंत्राची शक्ती एका कणानेही वाढलेली नसते. आरंभीची उदारता अखेरच्या वाट्यातून काढून घेतलेली असते, आणि पट्टीच्या ज्या पहिल्या भागात पाय बारीक फरक करू शकत होता तो भाग आखडतो. मोकळ्या रस्त्यावर हे खपते. पावसात निसरड्या चढावर, किंवा मुलांनी भरलेल्या गल्लीत, तोच आखडलेला भाग चालकाला हवा असतो. शिवाय नळी भरण्याचा आणि टर्बोचा विलंब डबीने तिळमात्र कमी होत नाही. तो कमी करावयाचा तर यंत्राचीच रचना बदलावी लागते.

मध्यस्थाच्या कारभाराची खरी कसोटी मात्र विलंबाच्या तक्रारीवर लागली नाही. ती उलट्या तक्रारीवर लागली. गाडी उशिरा ऐकते हे दुःख सहन होण्यासारखे आहे. पाय उचलल्यावरही गाडी थांबत नाही, हे दुःख तसे नाही. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ टोयोटा कंपनीची एक लेक्सस मोटार बेफाम धावून चार माणसे मेली. गाडीत दुसऱ्याच जातीच्या गाडीची पायचटई टाकलेली होती आणि तिच्यात पट्टी अडकली होती, असे चौकशीत आढळले. पाठोपाठ अशा अनेक तक्रारी पुढे आल्या व कंपनीने लक्षावधी गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. कित्येक गाड्यांत पट्टी झिजून चिकटत असल्याचेही दिसले. पण लोकांच्या मनातला प्रश्न निराळा होता. पायाने मागितले नसताना संगणकानेच जोर दिला नसेल कशावरून?

अमेरिकन सरकारने हा प्रश्न नासाच्या अभियंत्यांकडे सोपवला. विमानातून तार काढून टाकणाऱ्या संस्थेलाच मोटारीतील तारेच्या अभावाची चौकशी करावी लागली. त्यांनी संगणकाच्या आज्ञावलीच्या २ लाख ८० हजारांहून अधिक ओळी तपासल्या. एका गाडीच्या पट्टीतील शोधकात कथिलाचे केसासारखे तंतू वाढलेलेही त्यांना सापडले. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात, बेफाम धावण्याचे कारण विद्युत् यंत्रणा असल्याचा पुरावा मिळाला नाही असे सांगितले होते. मात्र पुरावा न मिळणे म्हणजे तसे घडणे अशक्य असणे नव्हे, ही मर्यादाही त्यात नमूद होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील एका खटल्यात, २००७ सालच्या अपघाताबद्दल, तज्ज्ञांनी आज्ञावलीतील दोषांची साक्ष दिल्यानंतर ज्यूरीने कंपनीला जबाबदार धरले. २०१४ साली ग्राहकांची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून कंपनीने सरकारला १२० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. या प्रकरणानंतर एक नियम बहुतेक नव्या गाड्यांच्या आज्ञावलीत आला. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही दाबलेले असतील तर ब्रेकचे ऐकावे.

या नियमाचे महत्त्व यंत्राची घडण पाहिल्यावर पटते. पेट्रोलच्या गाडीत ब्रेकला जे साहाय्य मिळते ते बहुधा चकतीमागच्या हवेच्या पोकळीतून मिळते. चकती पूर्ण उघडी राहिली तर ती पोकळी भरून जाते, आणि घाबरलेल्या चालकाने ब्रेक दोन-तीनदा सोडून दाबला की तो दगडासारखा कठीण होतो. गळा आवळणारा हात सुटला की थांबवणारा हातही दुबळा पडतो, ही गोष्ट तारेच्या काळातही खरी होती. परंतु तेव्हा अडकलेली सळई मिस्त्रीला दाखवता येत होती. आज्ञावलीची चूक दाखवावयास न्यायालयात तज्ज्ञ उभे करावे लागले.

विजेच्या मोटारींत आता हवाही नाही, चकतीही नाही. त्यांच्या यंत्राला जोर द्यावयास सेकंदाचे काही सहस्रांश पुरतात. या गाड्यांत विलंबाचे जवळजवळ प्रत्येक भौतिक कारण नाहीसे झाले आहे. तरीही त्यांचे निर्माते पहिला क्षण जपून देतात, तक्ते करतात, आणि चालकाला काटकसरीचा किंवा खेळाचा तक्ता निवडू देतात. यावरून एक गोष्ट उघड होते. पाय आणि चाक यांमधील विलंब हा यंत्राचा नाइलाज जितका होता तितकाच तो माणसाने विचारपूर्वक घेतलेला निर्णयही होता.

या सर्व इतिहासात कायद्याने मोजपट्टी कोठे लावली हेही पाहण्यासारखे आहे. पाय दाबल्यावर गाडीने किती लवकर पळावे, याचा निर्णय त्याने निर्माता व गिऱ्हाईक यांच्यावर सोडला. परंतु अमेरिकेत १९७३ सालापासून लागू झालेल्या एका नियमाप्रमाणे, सामान्य तापमानात मोटारीवरचा पाय उचलताच थ्रॉटल एका सेकंदाच्या आत मिटलेच पाहिजे. आणि त्याला मिटवणारी शक्ती एकाच साधनाची असता कामा नये, निदान दोन स्वतंत्र साधने हवीत, म्हणजे एक स्प्रिंग तुटली तरी दुसरी आपले काम करील. तार गेली, संगणक आला, तक्ते बदलले. तो नियम राहिला. पिकअपची चर्चा पुढेही चालत राहील, आणि ती चालावी. गाडीची परीक्षा करणाऱ्याने मात्र तिला दोन प्रश्न विचारावेत. ‘चल’ म्हटल्यावर ती किती लवकर चालते, हा पहिला. आणि ‘पुरे’ म्हटल्यावर ती किती खात्रीने थांबते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बाजारात विकत मिळते. दुसऱ्याचे उत्तर कोणीतरी आधी जबाबदारीने लिहून ठेवलेले असावे लागते.